कोंडा जातो आणि परत येतो: शॅम्पू बदलण्याआधी डोकं आणि पाणी दोन्ही तपासा

तक्रार जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येते. "ताई, रविवारी डोकं धुतलं आणि मंगळवारी खांद्यावर पुन्हा पांढरं. दही झालं, लिंबू झालं, कडुनिंबाचं पाणी झालं, टीव्हीवरचा शॅम्पूही झाला. आठ दिवस बरं वाटतं, मग ये रे माझ्या मागल्या." इंदुरातल्या मराठी घरात, मग ते रामबागेत असो, लोकमान्य नगरात असो की सुदामा नगरात, या तक्रारीला आणखी एक शेपूट हमखास जोडलेलं असतं: "पुण्याला बहिणीकडे गेले होते ना, तेव्हा केस कसे मऊ झाले होते!"

मला विचाराल तर सगळी तक्रार एकीकडे आणि हे शेपूट एकीकडे, कारण पुण्यात बदललं ते पाणी. डोक्यावर पांढरं दिसलं की आपण त्याला सरसकट कोंडा म्हणतो. पण तो कोंडा असू शकतो, टाळूची कोरडी साल असू शकते, जड, म्हणजे क्षारांच्या पाण्यात साबणाचा बसलेला साका असू शकतो, नाहीतर नीट न धुतलेली शिकेकाईची किंवा मेंदीची पूड. पुष्कळदा यातली दोन एकत्र नांदतात. घोळ असा की एकाचा उपाय दुसऱ्याला वाढवतो. कोरड्या टाळूला तेलाने बरं वाटतं, पण खऱ्या कोंड्याला तेच तेल खाऊ ठरतं. साका बसलेला असेल तर महागातला महाग कोंड्याचा शॅम्पूही फुकट, कारण तिथे दोष कोंड्याच्या बुरशीचा नसतोच.

आधी ओळख पटवा

केस कोरडे असताना, दिवसाउजेडी, खिडकीपाशी बसून घरातल्या कुणाला तरी भांग पाडून बघायला सांगा. आरशात स्वतःचं स्वतः बघून यातलं काही नीट कळत नाही.

पांढरं टाळूला चिकटलेलं आहे, किंचित पिवळट आहे, नखाने खरवडल्यावर तेलकट लागतं आणि खाज आहे, तर तो खरा कोंडा. अशा माणसाच्या भुवया, नाकाच्या कडेच्या घड्या आणि कानामागची जागाही बघा. तिथेही लालसर आणि पापुद्रे निघालेले असतील तर शंका उरत नाही. खरा कोंडा धुतल्या दिवशी दिसत नाही, दोन-तीन दिवसांनी डोकं वर काढतो.

टाळू स्वच्छ आहे पण केसांच्या लांबीवर, अगदी टोकापर्यंत, मेणचट राखाडी थर आहे. केस धुऊन वाळल्याबरोबर राठ लागतात, बोटं अडकतात. कंगव्याच्या दातांच्या मुळाशी करडी चिकट मळी जमते. हा साका. त्याची वेळ उलटी असते, धुतल्या दिवशीच सगळ्यात जास्त. तो कंगवा व्हिनेगरच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून ब्रशने घासा. मळी सहज सुटली तर अंदाज पक्का समजा.

बारीक, सुकी, पिठासारखी पूड झडते, टाळू ताणल्यासारखी वाटते, आणि याच दिवसांत हातापायांवर नखाने रेघ ओढली तर पांढरी उमटते, तर तो नुसता कोरडेपणा. माळव्यातली थंडी कोरडी असते आणि त्यात आपण कढत पाणी डोक्यावर घेतो, त्याचा हा परिणाम.

आणि पांढरे दाणे केसालाच चिकटलेत, फुंकरीने हलत नाहीत, चिमटीत धरून ओढावे लागतात, तर त्या लिखा आहेत. शाळेत जाणारी मुलं घरात असतील तर हे आधी बघा. लिखांवर कोंड्याचा शॅम्पू महिनाभर चोळणारी घरं कमी नाहीत.

पाणी: इंदूरची खास भानगड

नर्मदेचं पाणी इंदूरला १९७८ साली आलं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पंपाने विंध्य चढवून ते इथवर आणतात. बहुतेक वस्त्यांत ते एक दिवसाआड येतं आणि मधल्या दिवसाची गरज बोरिंग भागवतं. कित्येक घरांत दोन्हींच्या टाक्या वेगळ्या असतात, कित्येक घरांत सगळं एकाच टाकीत पडतं. आपल्या पायाखाली काळा कातळ आहे, बसाल्टचा. त्याच्या भेगांतून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उचलत जातं. म्हणून बोरिंगचं पाणी जड. गीझरच्या कॉइलवर पांढरी खपली धरते, बाथरूमच्या नळावर डाग पडतात, डाळ शिजायला वेळ लागतो, ते सगळं याच्यामुळे.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा (म्हणजे हाच जडपणा) लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानतात आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. दोन आकड्यांत तिपटीचं अंतर आहे. म्हणजे पिण्याला 'पास' झालेलं पाणी केसांना सोसेलच असं मुळीच नाही.

साबण जड पाण्यात पडला की त्यातली स्निग्धाम्लं (तेला-चरबीतली आम्लं) कॅल्शियमशी जोडी जमवतात आणि न विरघळणारा साका तयार होतो. तो पाण्याबरोबर वाहून न जाता केसावर बसतो. वर साबण मुळात अल्कधर्मी, पीएच ९ ते १०, त्यामुळे केसाचे खवले उघडतात आणि केस एकमेकांत गुंततात. आंघोळीची वडी डोक्यालाही फिरवायची सवय घरातल्या पुरुषमंडळींना फार. काका, दादा, तुमच्या 'कोंड्या'चं मूळ त्या वडीत असण्याची शक्यता मोठी आहे. शॅम्पूतली फेस आणणारी द्रव्यं जड पाण्यात असा साका करत नाहीत, शिकेकाई-रिठ्यातला फेस देणारा अंशही करत नाही. आपल्या आज्यांचे केस शिकेकाईवर निभावले त्यामागे हेही एक कारण आहे. नुसती 'जुनी माणसं कणखर' म्हणून विषय संपवू नका.

पाणी जड आहे की नाही हे घरी बघता येतं. तीन सारख्या बाटल्या घ्या. एकीत बोरिंगचं, दुसरीत नर्मदेचं, तिसरीत आरओचं पाणी अर्ध्यापर्यंत भरा. प्रत्येकीत अंगाच्या साबणाचा सारखाच छोटा कीस टाका, झाकण लावून जोरात हलवा. जिथे फेस वर उभा राहतो आणि खाली पाणी बऱ्यापैकी नितळ दिसतं ते मऊ. जिथे फेस बसतो, पाणी दुधाळ होतं आणि दह्यासारख्या कण्या तरंगतात ते जड. बोरिंग गल्लीगल्लीत बदलतं. शेजारच्या वहिनींचं पाणी बरं निघालं म्हणजे तुमचंही बरं असेल असं धरू नका.

उपाय फार खर्चाचा नाही. डोकं धुण्याचा दिवस नर्मदेच्या दिवसाला जोडा. ते जमत नसेल तर नर्मदेच्या दिवशी एक बादली भरून झाकून ठेवा. केस बोरिंगच्या पाण्यानेच धुवा, फक्त शेवटचे दोन-तीन तांबे नर्मदेचे घ्या. सगळं पाणी बदलता आलं नाही तरी शेवटचं बदललं तर थोडंफार काम होतं.

आधीच बसलेला साका काढायला आंबट पाणी. लिटरभर पाण्यात जेवणाचा एक चमचा पांढरं व्हिनेगर, किंवा अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस. शॅम्पू निघून गेल्यावर हे पाणी केसांच्या लांबीवरून ओता, मिनिटभर थांबा, मग साध्या पाण्याने धुवून टाका. आठवड्यातून एकदा पुरे. टाळूवर ओरखडे किंवा जखम असेल तर थांबा, झोंबेल. रसाचं प्रमाण वाढवून जास्त गुण येत नाही. लिंबाच्या बिया आणि गर गाळायला मात्र विसरू नका, वाळल्यावर तेच कण 'कोंडा' म्हणून खांद्यावर पडतात.

पाणी उकळून थंड केलं की कठीणपणाचा एक भाग खाली बसतो, सगळा जात नाही. तुरटी फिरवल्याने गढूळपणा बसतो, जडपणा जसाच्या तसा राहतो. नळाला लावायच्या छोट्या फिल्टरची जाहिरात हल्ली फार दिसते. त्यातले बहुतेक गाळ आणि क्लोरीनसाठी असतात. जडपणा घालवायचा तर रेझिन असलेला सॉफ्टनर लागतो आणि त्याला मधूनमधून मिठाचं पाणी द्यावं लागतं. दुकानदाराने 'मीठ-बीठ काही लागत नाही' म्हटलं तर घेण्याआधी बाटलीची चाचणी त्याच्यासमोर करून दाखवायला सांगा.

खरा कोंडा निघाला तर

मालासेझिया नावाची यीस्टच्या जातीची बुरशी जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाच्या टाळूवर राहते. ती टाळूच्या तेलावर जगते. तेल पचवताना त्यातून ओलेइक आम्लासारखी द्रव्यं सुटतात, ती काही जणांच्या त्वचेला झोंबतात, मग त्वचा घाईघाईने पापुद्रे टाकते. म्हणजे कोंडा अस्वच्छतेमुळे होतो असं नाही, आणि एकदा 'मारला' की कायमचा गेला असंही होत नाही. ती तिथली कायमची भाडेकरू आहे, तिला फक्त आवरून ठेवायचं. दर वेळी बरं वाटलं की आपण शॅम्पू बंद करतो आणि महिन्याभरात ती पुन्हा वाढते. 'परत येतो' याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

उरलेलं उत्तर वेळेत आहे. औषधी शॅम्पू लावला आणि लगेच ओतलं पाणी, असं केलं तर औषध मोरीत जातं. केटोकोनाझोल २ टक्के असलेला शॅम्पू केमिस्टकडे मिळतो. आधी साध्या शॅम्पूने तेल आणि मळ काढा. मग औषधी शॅम्पू बोटांच्या पेरांनी टाळूवर लावा, केसांवर नाही, आणि तीन ते पाच मिनिटं तसाच ठेवून धुवा. आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. आराम पडल्यावर बंद न करता आठवड्यातून किंवा पंधरा दिवसांतून एकदा चालू ठेवा. झिंक पायरिथिऑन किंवा सेलेनियम सल्फाइडचे शॅम्पूही याच पद्धतीने वापरायचे. महिनाभर नेमाने वापरून फरक नाही, तर त्याच औषधाची दुसरी कंपनी न आणता वेगळं औषध असलेला शॅम्पू घ्या. बाटलीच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी आधी डॉक्टरांना विचारावं.

आता तेल. इथे घरोघरी वाद होतो, आणि सासूबाईंसमोर हे बोलणं सोपं नाही, पण कोंडा असताना रात्रभर टाळूवर तेल जिरवणं बंद करावं. मालासेझिया स्वतः स्निग्धाम्लं बनवू शकत नाही, आयती लागतात. खोबरेलात साधारण निम्मं लॉरिक आम्ल असतं, तेही तिला चालतं. ऑलिव्ह तेलात तर ओलेइकच जास्त. चंपी केल्यावर पापुद्रे तेलात भिजून दिसेनासे होतात, म्हणून 'तेलाने गेला' असं वाटतं. धुतलं की पुन्हा हजर. खोबरेल वाईट आहे असं मात्र माझं म्हणणं नाही. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. ते लावायचं केसांच्या लांबीला, धुण्याआधी तासभर. टाळू मोकळी ठेवा, सासूबाईही खूश आणि डोकंही.

खाण्याचं म्हणाल तर गराडू आणि कचोरीमुळे कोंडा झाला असं सांगणारे पुष्कळ भेटतात. सराफ्यातली खाण्याची फेरी बंद करण्याइतका पुरावा माझ्या पाहण्यात नाही. झोप कमी आणि ताण जास्त असला की कोंडा उसळतो, हे मात्र खरं.

उन्हाळ्यात स्कूटरवर निघणाऱ्या मुली चेहऱ्याभोवती स्कार्फ गुंडाळतात, त्यावर हेल्मेट. घाम आतच राहतो. स्कार्फ रोज धुता येतो, हेल्मेटचं आतलं कापड काढता येत असेल तर तेही. ओले केस बांधून हेल्मेट घालणं टाळलंत तर निम्मी खाज तिथेच कमी होईल.

स्वयंपाकघरातले उपाय, एकेक करून

दही: यातल्या लॅक्टिक आम्लाने पापुद्रे सैल होतात, टाळू थंडावते. पण त्यात स्निग्धांश आहे. लावायचंच तर ताजं, साय काढलेलं, वीस मिनिटं, आणि नंतर शॅम्पू हवाच. नुसत्या पाण्याने धुतलं तर वासही राहतो आणि बुरशीला जेवणही.

लिंबाची फोड टाळूवर चोळून गच्चीत उन्हात बसणं अजिबात नको. लिंबाचा रस निव्वळ आम्ल, पीएच २ च्या आसपास. त्वचेवर रस आणि वर ऊन पडलं तर काळे डाग, फोडसुद्धा येतात. चेहऱ्यावर 'टॅन घालवायला' लिंबू चोळणाऱ्यांनाही हेच लागू. खाण्याचा सोडा तर दोन्ही ठिकाणी नको.

मेथी भिजवून वाटून लावली की तिच्या बुळबुळीतपणाने केस सुटे आणि मऊ होतात. राठ केसांना छानच. कोंड्याचं औषध म्हणून तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका, आणि वाटण एकदम गंधासारखं बारीक करा, नाहीतर दोन दिवस कंगव्यातून मेथी निघते.

खोबरेलात कापूर: थंड वाटतं, खाज तेवढ्यापुरती थांबते. मूळ कारण जात नाही. घरात रांगतं मूल असेल तर ही बाटली वर ठेवा. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात.

शिकेकाईवर माझा जीव आहे, म्हणून थोडं जास्त सांगते. तयार पुडीऐवजी सियागंजात किंवा मारोठिया बाजारातल्या पंसाऱ्याकडे अख्ख्या शेंगा, रिठे आणि आवळकाठी घ्या. रिठ्याच्या बिया काढून टाका. मूठभर शेंगा, चार-पाच रिठे आणि चमचाभर आवळकाठी रात्री भिजवा, सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर उकळा, गार झाल्यावर कुस्करा आणि पातळ सुती कापडातून गाळा. गाळणं टाळलंत तर पुढचं सगळं व्यर्थ. पूड थेट डोक्याला चोळली की तिचे कण टाळूवर अडकतात, वाळतात, खाजतात आणि तुम्ही पुन्हा कोंड्याच्या मागे लागता. रिठा जास्त झाला तर केस कोरडे पडतात. डोळ्यात गेलं तर दोन्ही जबरदस्त झोंबतात, तेव्हा मान मागे करून धुवा. काढा एक-दोन दिवसांत वापरून टाका, आंबतो. एक मर्यादा सांगून ठेवते: रात्रभर मुरलेलं घट्ट तेल शिकेकाईच्या एका हाताने निघत नाही, तेव्हा ज्यांना चंपी सोडवत नाही त्यांनी दोनदा लावावी.

मेंदी किंवा केसांचा रंग लावल्यानंतरच खाज सुरू झाली असेल, विशेषतः कानांच्या पाळ्यांवर आणि मानेवर, तर संशय रंगावर घ्या. 'काळी मेंदी' म्हणून जे पाच-दहा मिनिटांत काळं करतं त्यात बहुधा पीपीडी हा रासायनिक रंग असतो. खरी मेंदी नारिंगी-तांबडीच रंगते. पुढच्या वेळी कानामागे थेंबभर लावून ४८ तास वाट बघा. एकदा चेहरा सुजला असेल तर तो रंग पुन्हा लावायचाच नाही, 'थोडासाच' सुद्धा नाही.

नुसता कोरडेपणा असेल तर

पाणी कोमट घ्या, शॅम्पू सौम्य, आणि थंडीत डोकं रोज धुऊ नका. इथे धुण्याआधी टाळूला थोडं तेल चालतं. अंगाच्या कोरड्या त्वचेचंही मूळ तेच: जड पाणी, कढत आंघोळ आणि साबण. साबण काख, जांघ, पाय एवढ्यापुरता ठेवा आणि अंग टिपून ओलसर असतानाच तीळतेल किंवा साधं मॉइश्चरायझर लावा. पूर्ण वाळल्यावर लावलेलं तेल वरच तरंगतं.

तरीही जात नसेल तर

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तिला निदान दोन आठवडे द्या. पहिले दोन आठवडे फक्त पाणी बदला. फरक नाही, तर मग औषधी शॅम्पू. सगळं एकदम सुरू केलं तर कशाने गेलं ते कळत नाही आणि परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

काही ठिकाणी घरगुती उपायांत वेळ घालवू नका. केसांच्या रेषेबाहेर कपाळावर उतरलेले जाड, चंदेरी खवले, सोबत कोपर-गुडघ्यांवरही तसेच चट्टे, हे सोरायसिस असू शकतं. लहान मुलाच्या डोक्यावर गोल टक्कल, त्यात तुटके केस आणि खपली दिसली तर ती बहुधा केसांच्या मुळात शिरलेली बुरशी. ती वरून लावून जात नाही, पोटातून गोळ्या लागतात, आणि तोवर त्याचा कंगवा, टोपी, टॉवेल वेगळे ठेवा. पू, दुखणं, ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा. केस गळण्याबद्दल एवढंच: दिवसाला ५० ते १०० केस जाणं नेहमीचं आहे. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी पुंजकेच्या पुंजके जातात, ते बहुतेक वेळा आपोआप भरून येतात. तसं काही कारण नसताना गळत असेल तर तेल बदलण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या.

केमिस्टने दिलेलं 'मिक्स' मलम डोक्याला किंवा चेहऱ्याला लावत राहू नका. त्यात बहुधा स्टिरॉइड असतं. खाज लगेच थांबते, आजार आत चरत राहतो आणि चेहऱ्याची त्वचा पातळ होते.

त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना डोक्याला तेल नको, आणि आदल्या दोन दिवसांत धुतलेलंही नको, नाहीतर बघण्यासारखं काही शिल्लक राहत नाही. आतापर्यंत वापरलेले शॅम्पू, तेलं, मलमं सगळ्या बाटल्यांसकट पिशवीत घालून न्या, आणि घरात बोरिंग आहे की नर्मदा हे त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.